हातभर

सारंगखेड्याच्या यात्रेत घेतला तेव्हा
दीड वर्षांचा होता. कुमेद. डाव्या मागच्या पायात पांढरा मोजा.
दात बघून झाले, भोवरे मोजून झाले,
उपरण्याखाली बोटांनी भाव ठरला.
त्याला हद्द कळते का,
हे कुणीच विचारलं नाही.

घरी आणला, शहाद्याजवळ, केळीमागच्या पडीत.
पहिल्याच सकाळी त्याने कपाळ घासलं माझ्या खांद्याला.
म्हटलं, लाडात आलाय.
एक पाऊल मागे झाले.
दुसऱ्या दिवशी दोन.
आठवड्याने मी गोठ्याच्या भिंतीला टेकलेली
आणि घमेलं त्याच्या तोंडात.
शनिवारी माझ्या करंगळीवर खूर ठेवला त्याने,
शांतपणे,
आपल्याच ओट्यावर ठेवावा तसा.

रुबाब तडवी यावलहून आले.
सत्तरीचे, टायरच्या चपला, खिशात तंबाखूची डबी.
हातात काठी नाही, चाबूक नाही. मी आधी तेच पाहिलं.
"बाई, बांध कोरणारा शेजारी देखेल शे ना?
दर नांगरटीले चार बोटं.
भांडस नही, शिवी देस नही,
रामराम करत करत कोरस.
तुनं घोडं तेच करी ऱ्हायनं.
तू पाय मांगे लिधा, का सातबारा त्याना नाववर."

मग ते उभे राहिले.
एवढंच केलं त्यांनी, उभे राहिले.
टाचा मातीत, खांदे दाराच्या चौकटीसारखे.
"बेंबीमां बॅटरी शे अशी समज.
उजेड त्यानी छातीवर टाक.
आनि मनमां बी मांगे सरकू नको,
त्याले मनमांनं पहिले दिखस."
घोडा पुढे आला. चाचांनी फक्त कोपर उचललं,
अंगणातली कोंबडी हुसकावी इतकंच.
कान फिरले. एक खूर मागे गेला.
लगेच चाचांनी बॅटरी विझवली:
कमरेतून वळले, नजर खाली, खांदे सैल,
जणू अचानक तंबाखू आठवली.
घोड्याने ओठ चघळले, मान टाकली, मोठा श्वास सोडला.
"याले बक्षीस म्हंतस," ते म्हणाले. "गूळ मंग."

मला आठ दिवस काही जमलं नाही.
माझे खांदे लहानपणापासून आत वळलेले.
एसटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत,
स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा
जागा करून देण्यात मी पटाईत.
घोड्याला ते यात्रेतच दिसलं असणार.

एकदा चिडून दोर असा झटकला
की तो पडीच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला.
तीन दिवस मी पाठ फिरवल्याशिवाय
चाऱ्याला तोंड लावलं नाही त्याने.
चाचांना फोन केला. पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
"हद्द आखाले सांगं व्हतं मी," ते म्हणाले,
"गावबाहेर काढाले नही."

मग पालथ्या घमेल्यावर बसून
त्याच्याकडे तिरका खांदा करून मी तूर निवडत राहिले.
चौथ्या संध्याकाळी आधी त्याची सावली आली सुपात.
थांबली.
मी खडे काढत होते, ते काढत राहिले.

परवा दीर आले. नेहमीसारखे
बोलता बोलता अंगावर येत उंबरठ्यापर्यंत.
मी काही बोलले नाही. फक्त टाचा.
हिशेब सांगता सांगता ते ओट्याची पायरी उतरले
आणि त्यांना कळलंही नाही.

करंगळीचं नख अजून काळं आहे,
तापीवरून वारा आला की ठणकतं.
तो हातभरावर थांबतो,
कान पुढे,
आणि विचारतो.
कधी मी खांदा वळवते, मग येतो.
कधी नाही वळवत.
तेही चालतं त्याला.